काय वाचलंस?

जुलैतला रविवार होता. बाजरीची पेरणी उरकून गाव जरा सैलावलं होतं. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस हात राखून पडत होता, आणि चर्चमध्ये नेहमीपेक्षा दोन बाकं जास्त भरली होती. शास्त्रवाचनाची पाळी माझी. मी उठले, पदर सारखा केला, पुढे गेले आणि बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय, तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत, खणखणीत आवाजात वाचला. मराठी शिकवण्यात माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलंय. जोडाक्षरं, विराम, आवाजाचा चढउतार, कशालाच अडखळले नाही. ‘प्रभू आपल्या पवित्र वचनाच्या वाचनाला आशीर्वाद देवो’ म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. उपासना संपली. बाहेर चपला शोधत असताना कुणीतरी माझं मनगट धरलं. मावशी होत्या. माझ्या सख्ख्या नव्हेत. मंडळीतल्या सगळ्यांच्याच मावशी. ऐंशीला टेकलेल्या, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून येतात आणि बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसतात. म्हणाल्या, “वाचलंस ग्वाड. पन पोरी, काय वाचलंस?”

“इफिसकरांस पत्र, मावशी.”

“ते पाळकांनी सांगितलं की. आत काय व्हतं?”

मी तोंड उघडलं आणि मला काही आठवेना. वाचून तास झाला नव्हता. कृपा हा शब्द होता, गौरव होता, ख्रिस्ताच्या ठायी असं काहीतरी पुन्हा पुन्हा येत होतं. मी म्हटलं, “देवाच्या कृपेबद्दल होतं.” मावशींनी मान हलवली, “बरं” म्हणाल्या आणि नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चिखलातून हळूहळू निघून गेल्या.

ते ‘बरं’ मी घरी घेऊन आले.

रात्री भांडी घासून झाल्यावर बायबल उघडलं आणि तीच बारा वचनं मनातल्या मनात नव्हे, ओठ हलवून वाचली. वाचता वाचता कळलं की मी सकाळी ती वाचलीच नव्हती, फक्त उच्चारली होती. पाळकसाहेबांनी नंतर कधीतरी सांगितलं, मूळ ग्रीकमध्ये ही बारा वचनं मिळून एकच वाक्य आहे; पत्र लिहिणारा पौल श्वास घ्यायला थांबतच नाही. मराठीत त्याचे तुकडे केलेत, तरी धाप लागतेच. असं वाक्य सांभाळून वाचायचं असतं, भरलेली घागर कमरेवर घेऊन पायऱ्या उतरतो तसं. मी मात्र स्नेहसंमेलनातलं सूत्रसंचालन करावं तसं ते उरकलं होतं. आणि लोकांनी? लोकांनी ऐकलं असेल तरी कसं? गायनमंडळातली मुलं पुढच्या गाण्याचा नंबर एकमेकांना खुणेनं सांगत होती, एक पंच दानाच्या पिशव्या मोजत होते, अर्ध्या मंडळीच्या हातात मोबाइल होते. मोबाइलमध्ये बायबल असतं हे खरं, पण बाकीचंही सगळं असतं. सगळ्या चर्चमध्ये त्या वाचनाची वाट पाहणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला दिसत नव्हतं.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत तो कूश देशाचा अधिकारी आहे ना, रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत परतीच्या वाटेला लागलेला. फिलिप्प धावत रथाशी जातो, त्याला वाचताना ऐकतो आणि विचारतो, वाचताय ते समजतं का. लहानपणी शब्बाथ शाळेत ही गोष्ट पाठ केली होती, पण त्यातली एक बारीकशी बाब त्या रात्री प्रथमच जाणवली. फिलिप्पाला ऐकू आलं, म्हणजे तो माणूस एकटा असूनही मोठ्यानं वाचत होता. आणि समजतं का असं विचारल्यावर तो चिडत नाही, लाजत नाही. कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजेल म्हणतो आणि फिलिप्पाला वर बोलावून शेजारी बसवून घेतो. मला मावशींना शेजारी बसवून घेता आलं असतं. मी चपला शोधत राहिले.

माझी आजी मोठेपणी वाचायला शिकली, तीन लेकरांची आई झाल्यावर. गावात तेव्हा एक बायबलबाई होती. आमच्याकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत हा शब्द अजून आदरानं घेतात. मिशनच्या शाळेत थोडं शिकलेली, बहुतेक विधवा, पांढरं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी. घरोघरी जाऊन बायकांना वाचून दाखवायचं आणि जमलं तर वाचायला शिकवायचं, हे तिचं काम. आमच्या गावच्या बायबलबाईनं रात्री कंदिलाभोवती चार-पाच बायका जमवल्या. पाटी नव्हती तर राखेत अक्षरं काढली. बाराखडी झाल्यावर थेट शुभवर्तमान हातात दिलं, कारण दुसरं पुस्तकच नव्हतं. आजी शेवटपर्यंत बोट ठेवूनच वाचायची. तर्जनीचं नख झिजलेलं, त्याच्या कडेला कायम मशेरीचा काळा डाग, आणि ते बोट ओळीखालून सरकायचं, मुंगी सरकते तसं. प-र-मे-श्व-र. ‘श्व’पाशी हमखास थांबायची, डोळे बारीक करायची, मग पुढे. संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनेत तिचं एक स्तोत्र संपेपर्यंत आमच्या पोटात कावळे ओरडायचे आणि चुलीवरच्या कालवणाला दुसऱ्यांदा उकळी यायची. मी सातवी-आठवीत असताना एकदा तिच्या हातून पुस्तक घेतलं आणि दोन मिनिटांत सगळं वाचून टाकलं. आजोबा कौतुकानं हसले. आजी काही बोलली नाही. पुस्तक परत घेतलं, आपली जागा बोटानं शोधली आणि जिथं थांबली होती तिथून पुन्हा सुरुवात केली.

ते बायबल आता माझ्याकडे आहे. नऊवारीच्या जुन्या पदरात गुंडाळलेलं, पुठ्ठा दोनदा शिवलेला, कोऱ्या पानावर चार पिढ्यांचे जन्म आणि बाप्तिस्मे, त्यातले दोन जन्म पुढे रेघ ओढलेले. पानांना रॉकेलचा आणि तांदळाच्या डब्याचा वास येतो. आमच्या नगरकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून. त्याआधीच, १८२६ साली, त्याच मिशननं मुंबईत मराठी नवा करार छापला होता. हे सगळं आम्ही शतकमहोत्सवाच्या भाषणांत ऐकलेलं आणि विसरलेलं. पण मला जास्त भिडते ती दौंडजवळच्या केडगावची गोष्ट. पंडिता रमाबाईंनी आपल्या मुक्ती मिशनमध्ये बसून, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, सबंध बायबल एकटीनं मराठीत आणलं. गावातल्या साध्या बाईला कळेल असं आणायचं हा हट्ट धरून. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून निघालं, मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींनी खिळे जुळवून. दुष्काळातून उचलून आणलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, बालविधवा अशा त्या मुली. उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे चाचपत एकेक वचन रचणारी त्यांची बोटं आणि आमच्या आजीचं ओळीखालून सरकणारं बोट मला एकाच हाताची वाटतात. वचन आमच्यापर्यंत असं आलं, हळू आणि हातांनी. आणि आम्ही त्याला रविवारी चार मिनिटं दिली होती.

ही चार मिनिटं ठरवणाऱ्यांत मी होते.

आमच्याकडे उपासनेत पूर्वी तीन पाठ असायचे. जुन्या करारातला एक, पत्रांतला एक, शुभवर्तमानातला एक, आणि मध्ये एक स्तोत्र सगळ्यांनी मिळून. पंधरा वर्षांपूर्वी तरुण मुलं एकेक करून गळायला लागली. कुणी कंपनीत शिफ्टला, कुणी पुण्याला, आणि बरीचशी तालुक्याच्या गावात निघालेल्या नव्या फेलोशिपमध्ये. तिथं ड्रम होते, हिंदी गाणी होती, हात वर करून मोठ्यानं प्रार्थना होती. आमच्या पंचांच्या सभांना मग दुसरा विषय उरला नाही. वडीलधारी म्हणायची, ना. वा. टिळकांची भजनं, कृष्णराव सांगळ्यांची पदं, पेटी आणि टाळ हीच आपली उपासना. आपल्या बापजाद्यांनी कीर्तनं करून मंडळ्या उभ्या केल्या. मुलं म्हणायची, त्या चालींत आम्हाला झोप येते. दोन्ही बाजूंचं मला पटत होतं आणि दोन्ही बाजूंचा राग येत होता. शेवटी तडजोड झाली. कीबोर्ड आला, भिंतीवर पडदा आला, दोन गाणी नवी आणि दोन जुनी ठरली. त्यानं उपासना पावणेदोन तासांवर गेली, तेव्हा काहीतरी कापणं भाग होतं. मीच सुचवलं, तीन पाठांऐवजी एक ठेवू; बाकीचं लोक घरी वाचतील. एकानंही विरोध केला नाही. गाण्यांच्या चालींवरून तीन वर्षं भांडलेली माणसं वाचनाच्या बाबतीत पाच मिनिटांत एकमतानं मोकळी झाली. तो ठराव माझ्याच अक्षरात वहीत आहे.

नारायण वामन टिळकांनी त्या काळी पाश्चात्त्य चालींच्या जागी अभंग आणि भजनं आणली, तेव्हा तीसुद्धा नवीच होती ना. ज्यांना आज आपण जुनं म्हणून छातीशी धरतो, ते एकेकाळचं बंडच. म्हणून कीबोर्डला माझा विरोध नव्हता आणि आजही नाही. पण टिळकांची भजनं ज्यांच्यासाठी होती ती माणसं वचन ऐकून आलेली होती, घरी संध्याकाळी कुणाचं तरी बोट ओळीखालून सरकत होतं. तो पाया गृहीत धरून आम्ही वरच्या पत्र्याचा रंग कोणता यावर भांडत बसलो.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी मावशींच्या घरी गेले. क्षमा मागावी असं मनात होतं. त्या ओट्यावर बसून चाचपत लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, काल तुम्ही विचारलंत आणि मला सांगता आलं नाही, तर आज वाचून दाखवायला आले. त्यांचं तोंड असं उजळलं की मला भरून आलं. “अगं, मला एकच शब्द कानाला लागला व्हता,” त्या म्हणाल्या. “दत्तक. दत्तक म्हनलीस का तू? का मलाच तसं ऐकू आलं?”

मी पान उघडलं. होता तो शब्द, पाचव्या वचनात. देवानं आपल्याला येशू ख्रिस्ताच्या द्वारे दत्तक घ्यायचं फार पूर्वीच ठरवून ठेवलं होतं, अशा अर्थाचं वचन. मी त्यावरून धडधडत निघून गेले होते.

रागवण्यासाठी त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांना एक शब्द ओझरता सापडला होता, आणि त्याच्या मागचं-पुढचं हवं होतं.

मग त्यांनी लसूण बाजूला ठेवला आणि सांगितलं. आईबाप गेले तेव्हा त्या चार-पाच वर्षांच्या. नात्यातल्या कुणी जवळ केलं नाही. बायबलबाईनं उचलून आणलं, तीच बाई जिनं माझ्या आजीला राखेत अक्षरं शिकवली. मावशी तिच्यापाशी वाढल्या, वाचायला शिकल्या, तिच्या पिशवीमागून गावोगाव हिंडल्या. हे मला अर्धवट माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. “पन दत्तक नव्हतं घेतलं तिनं. कागद नव्हता ना. शाळंत नाव घालताना मास्तर म्हनले, ही तुमची कोन? बाई म्हनली, माझीच. मास्तर म्हनले, तसं न्हाई लिहिता येत. मग बापाच्या नावाच्या जागी नुसती रेघ मारली.” त्यांनी हवेत बोटानं एक आडवी रेघ ओढली. “ती मेल्यावर घर तिच्या पुतन्याकडं गेलं. मी काय म्हननार? कागद कुटं व्हता.” थोडा वेळ गेला. मग म्हणाल्या, “वाच पुढं. हळू वाच.”

मी हळू वाचलं. तेराव्या वचनात शिक्का आला. तुमच्यावर पवित्र आत्म्याचा शिक्का मारला आहे. मावशी म्हणाल्या, “थांब. शिक्का म्हंजे कागदावरचा का?” मी म्हटलं, तसाच. चौदाव्यात विसार आला. तो आत्मा आपल्या वतनाचा विसार आहे. विसार हा शब्द मला पुस्तकी वाटत नाही. आमच्याकडे जमिनीचा, बैलाचा, उभ्या कांद्याचा सौदा विसार दिल्याशिवाय होत नाही. एकदा विसार हातावर ठेवला की माल अजून तुमच्या दारात नसला तरी तुमचा. मावशींनी तो शब्द दोनदा घोळवला. दत्तक, शिक्का, विसार. सगळा कचेरीतला व्यवहार, आणि त्यातलं काहीच ज्या बाईच्या वाट्याला आलं नाही ती ओट्यावर बसून तो ऐकत होती. कोणत्याही प्रवचनात मला हे पत्र इतकं उलगडलं नव्हतं. तिथं मी फक्त वाचत होते.

शनिवारच्या वाचनाची सुरुवात तिथून झाली. कुणी ठरवली नाही. पुढच्या शनिवारी मी मावशींकडे उद्याचा पाठ वाचायला गेले, त्याच्या पुढच्या शनिवारी पाळकसाहेब आले. ते तीन गावांच्या मंडळ्या सांभाळतात, मोटरसायकलवरून फिरतात, त्यांनाही शनिवारी संध्याकाळी कुठंतरी टेकायला जागा हवी होती. मग दोन शेजारणी, निवृत्त एसटी कंडक्टर असलेले एक काका, कीबोर्ड वाजवणारा मुलगा. नियम एकच, तोही मावशींचा: कळलं नाही की ‘परत’ म्हणायचं, आणि वाचणाऱ्यानं न कुरकुरता परत वाचायचं. इफिसकरांच्या त्याच पाठावर आम्ही पुन्हा आलो तेव्हा कंडक्टरकाका ‘वतन’पाशी अडले. त्यांचा आवाज बदलला. “वतन नको वाटतं ऐकायला,” म्हणाले. “आमच्या आजोबांनी वतनापायी जन्म घातला. गावाची ढोरं ओढायची, सांगावे पोचवायचे, रात्री-अपरात्री बोलावणं आलं की उठायचं, आणि बदल्यात बलुतं म्हणून दारात उभं राहून मागायचं.” महार वतन गेलं १९५८च्या कायद्यानं, बाबासाहेबांनी त्याविरुद्ध त्याच्या तीस वर्षं आधी आवाज उठवला होता. काकांच्या घरानं बाप्तिस्मा त्याच्याही आधी घेतला होता आणि तरी वतन सुटलं नव्हतं. पाळकसाहेबांनी लगेच उत्तर दिलं नाही, याचं मला बरं वाटलं. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाले की ज्यानं भाषांतर केलं त्याला वारसा म्हणायचं असणार, पण तुम्ही म्हणता ते आता हा शब्द वाचताना मला विसरता येणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रवचनात त्यांनी काकांची परवानगी घेऊन हे सांगितलं. मागच्या बाकांवरची माणसं पुढे सरसावून ऐकत होती, कारण बहुतेकांच्या आजोबांची ती कथा होती.

एकदा तेविसावं स्तोत्र आलं. ते सगळ्यांना पाठ, म्हणून मी पुस्तक न उघडता म्हणायला लागले. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ मावशी म्हणाल्या, परत. पाठ आहे ते वाचायला काय हरकत? मग बहात्तरच्या दुष्काळातलं सांगू लागल्या. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, लाल मिलोची भाकरी, पोरांना सुकडी. एका रविवारी हेच स्तोत्र वाचलं गेलं आणि त्यांनी तेव्हाच्या पाळकांना तोंडावर विचारलं, उणं तर पडलंय, मग हे खोटं का? पाळक गप्प बसले. दुसऱ्या दिवशी खडीच्या ढिगाऱ्यापाशी आले, हातोडी घेतली आणि दुपारपर्यंत त्यांच्या शेजारी बसून फोडत राहिले. “उत्तर न्हाई दिलं त्यांनी,” मावशी म्हणाल्या. “पन त्या दिसापासून मला ते वचन म्हनता येतं.” पावसाळा सरल्यावर धनगरांचे वाडे आमच्या शिवारातून जातात, रात्री मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येतात. तेव्हापासून त्या आवाजाबरोबर मला खडी फोडणारे ते पाळकही आठवतात, ज्यांना मी पाहिलं नाही.

सबंध शुभवर्तमान एका बैठकीत वाचायची कल्पना मात्र आमची नव्हे, गावची. नेवासं आमच्यापासून फार लांब नाही. ज्ञानेश्वरीचं पारायण हे आमच्या गावाच्या हवेतच आहे. सप्ताह बसला की पहाटेपासून आवाज सुरू. मी लहानपणापासून अंथरुणात पडून तो ऐकत आले. शंभर माणसं एका सुरात वाचतात, त्यात साठ पार केलेल्या शेतकऱ्याचा घोगरा आवाज असतो, शाळकरी पोरीचा असतो. माझ्या शेजारची वहिनी दरवर्षी पारायणाला बसते. तिला मी विचारलं, कंटाळा येत नाही? ती म्हणाली, “पहिले दोन दिवस येतो. मग आपण वाचत नाही, पोथी आपल्याकडून वाचून घेते. फक्त पुढं पळायचं नाही, सगळ्यांबरोबर राहायचं.” तिनंच पोथी ठेवायचा आपला लाकडी पाट दिला. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी आम्ही मार्कचं शुभवर्तमान वाचलं, पहिल्यापासून. सोळा अध्याय, सोळा माणसं, पडदा गुंडाळून ठेवलेला, कीबोर्डवर झाकण. दोन तासांच्या वर लागले. कीबोर्डवाल्या मुलाच्या वाट्याला गेथशेमाने, येशूच्या अटकेची रात्र, आलं, आणि शिष्य झोपले तिथं त्याचा आवाज फाटला. पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यात त्याच्या वडिलांच्या उशाशी त्याचाच डोळा लागला होता, आणि ते त्या रात्री गेले होते. सोळावा अध्याय आठव्या वचनापाशी थांबवायचा असं पाळकसाहेबांनी ठरवलं होतं, कारण सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्क तिथंच संपतो: बायका कबरीपासून पळत सुटतात, थरथर कापत, आणि भीतीनं कुणाला काही सांगत नाहीत. वाचणारी थांबली. आम्ही सगळे तसेच. बाहेर कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, आमची घंटा, वाऱ्यानं हलकेच किणकिणला. कुणी आमेनसुद्धा म्हटलं नाही.

त्यानंतर प्रीतिभोजन होतं. नहेम्याच्या पुस्तकात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लोक ऐकून रडायला लागतात, तेव्हा त्यांना सांगतात की रडू नका, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटा पाठवा. आम्ही गुळाची लापशी केली होती. एक वाटा शेजारच्या वहिनीकडे गेला.

तीन पाठ पुन्हा सुरू झालेत, ठराव मीच मागे घेतला. गेलेली मुलं परत आलीत असं मात्र नाही. दोन आली, एक पुन्हा गेलं. लांबलेल्या उपासनेबद्दल कुरकुर आहे, आणि एका कुटुंबानं यायचंच सोडलं. त्यांच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. कधीकधी शनिवारी पाठ वाचून घरी परतताना मलाच विचार पडतो, मी या वचनावर विसंबते, की मला फक्त त्याचा आवाज आवडतो, आजीचा म्हणून, संध्याकाळच्या कंदिलाचा म्हणून? हा प्रश्न मी अजून कुणाला विचारलेला नाही. मावशींना विचारेन म्हणते.

परवाच्या शनिवारी पावसानं वीज गेली. आम्ही मावशींच्या ओट्यावरून आत सरकलो, कुणीतरी मोबाइलची बॅटरी लावली. पाठ होता इफिसकर, पहिला अध्याय, आणि उद्या तो मावशींचा नातू वाचणार होता. सातवीत आहे, वाचन कच्चं, वर्गात त्याला उभं करायला मीच कचरते. त्यानं बोट ठेवून सुरू केलं. ‘सत्संकल्पा’पाशी तीनदा अडला, कपाळ पुसलं, चौथ्यांदा निघाला. पाचवं वचन संपलं आणि मावशींनी हात पुढे केला. “कुटंय ते? दाखव मला.” पोराला कळेना, दिसत नाही तर दाखवायचं कसं. मी त्यांची तर्जनी धरली आणि पानावर नेऊन त्या शब्दावर ठेवली. “इथं?” “हो, इथं.” गुळगुळीत कागदावर हाताला लागण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी बोट उचललं नाही. छापलेल्या शब्दावरूनच ते हळूहळू फिरू लागलं, राखेत फिरावं तसं. आधी द. मग त्त, त्याच्या दोन्ही रेघा नीट. मग क. वर शिरोरेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोरगं पान उलटायला थांबलं होतं. “थांब जरा,” मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा ‘द’पासून सुरुवात केली.